पंच्याऐंशीच्या आत

माझ्या मुलाचं वजन हा आमच्या इमारतीत सगळ्यांचा विषय होता. इतरांच्या घरी मुलांच्या मार्कांची चौकशी होते, मला लिफ्टमध्ये भेटलेली बाई विचारायची, "आज किती भरला?" मी म्हणायचे, साडेसत्त्याऐंशी. मग ती अशी चुकचुकायची की जणू पोराला टायफॉइडच झालाय. सहा फुटांना टेकलेला, उभा राहिला की दार अडवणारा माझा मुलगा कॉलेजच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळायचा. विद्यापीठाच्या स्पर्धेत मात्र पंच्याऐंशी किलोच्या वर गेलेल्या खेळाडूला मॅटवर पाय ठेवता येत नव्हता, मग त्याची पकड कितीही घट्ट असो.

आम्ही मूळचे इथल्याच चाळीतले. चाळ पडली, तिच्या जागी टॉवर उभा राहिला आणि आम्ही सगळे एकमेकांच्या डोक्यावर रचले गेलो, पण दारं उघडी ठेवायची सवय काही गेली नाही. त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतंय आणि कुणाचं वजन किती भरतंय, हे चौदाव्या मजल्यापासून खाली वॉचमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक. कबड्डी तर आमच्या घराण्याचा धंदाच म्हणायचा. सासरे गिरणीच्या संघातून खेळले म्हणून गिरणीत लागले. नवरा गोदीच्या संघातून खेळला म्हणून गोदीत लागला. मी एकटीच परीक्षा देऊन टेलिफोन खात्यात चिकटलेली, त्यामुळे नोकरी मिळवण्याचा माझा मार्ग सासरी जरा आडवाटेचाच समजला जायचा.

मुलाला पोलिसात जायचं होतं, खेळाडूंच्या कोट्यातून. त्यासाठी विद्यापीठाच्या संघातून खेळल्याचं प्रमाणपत्र हवं. विद्यापीठाच्या संघात निवड व्हायला आधी कॉलेजांच्या आपसातल्या स्पर्धेत चमकायला हवं. आणि तिथे चमकायचं तर पंच्याऐंशीच्या आत बसायला हवं. त्याचं सगळं पुढचं आयुष्य त्या अडीच किलोंच्या पलीकडे उभं होतं. मी कितीही नाकं मुरडली तरी हे मला कळत होतं, म्हणून तर मला काही धड बोलता येईना.

त्यांचे जिमखान्याचे सर वाईट माणूस नव्हते. हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मला त्यांचा भयंकर राग येणार आहे. स्वतः कबड्डी खेळलेले, गुडघा गेलेला, पोरांसाठी स्वतःच्या खिशातून केळी आणणारे. पावसाळ्यात सरावाला सुरुवात झाली तेव्हा त्यांनी माझ्या मुलाला सांगितलं की कोपऱ्यात मला भिंत पाहिजे, अंग कर. झालं, घरात अंड्यांचे ट्रे यायला लागले. चणे भिजायला लागले. नवरा रविवारी पाया घेऊन यायचा आणि सूप पोराच्या पुढ्यात ठेवून तो शेवटच्या घोटापर्यंत पितो की नाही हे बघत बसायचा. पोराने अंग केलं. आणि दिवाळी उलटून स्पर्धा जवळ आली तेव्हा तेच सर म्हणाले, वजनात बस. म्हणजे हत्ती पण पाहिजे आणि तो बकरीच्या खुंट्याला पण बांधता आला पाहिजे.

वजनात कसं बसायचं हे सरांनी कधीही सांगितलं नाही. हे पुढे फार महत्त्वाचं ठरलं. ते फक्त म्हणायचे, "तुमचं तुम्ही बघा." ते तंत्र पोरं एकमेकांना शिकवतात. सिनिअरने ज्युनिअरला सांगायचं, त्याने पुढच्या वर्षी दुसऱ्याला. आधी भात-चपाती बंद, मग मीठ बंद, मग घाम काढायचा आणि सगळ्यात शेवटी पाणी बंद. लोणच्याची कृती सांगावी इतक्या सहज ही मुलं हे बोलतात.

घाम काढायला आमच्या टॉवरचा जिना होता. लिफ्ट असल्यामुळे तिथे चिटपाखरू फिरकत नाही, खिडक्या नाहीत, वाऱ्याची झुळूक नाही. आमच्या चाळीच्या जिन्यात निदान हवा तरी खेळायची. पोरगा अंगात दोन टीशर्ट, वर जाड रेनकोट, डोक्याला माकडटोपी घालून वर-खाली धावायचा. आणि बाकीच्यांनी काय करावं? आपापल्या मजल्यावरचं लोखंडी दार उघडून टाळ्या वाजवाव्यात. अकराव्या मजल्यावरच्या मालवणी आजी कुळथाची पिठी घेऊन आल्या, त्याने म्हणे चरबी वितळते. कुणी सांगितलं लिंबू, कुणी सांगितलं एरंडेल. सगळ्या इमारतीला वाटत होतं की आपण एका पोराचं भलं करतोय. मी सोडून कुणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं, आणि माझ्याकडे तर आधीपासूनच 'हिला खेळातलं काय कळतंय' असं बघायची पद्धत होती.

मी गप्प बसले नव्हते. नवऱ्याशी भांडले. तो म्हणाला, आम्ही पण केलंय, काही होत नाही, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. मी त्याला म्हटलं की तुम्ही मातीत खेळायचात, संध्याकाळी एक सामना व्हायचा आणि हरलात की घरी येऊन माठ रिकामा करायचात. त्यावर तो हसला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला चावणार? मग मी सरांना फोन केला. ते फार आदराने बोलले. म्हणाले, "ताई, मी कुणाला पाणी सोडायला सांगत नाही. उलट मी सांगतो, भरपूर पाणी प्या." आणि बोलता बोलता सहज म्हणाले की कोपऱ्यासाठी राखीव बाकावर अजून दोन मुलं आहेत, तुमच्या मुलाला नाही जमलं तरी काही बिघडत नाही. ही धमकी नव्हती, त्यांनी फक्त मला माहिती दिली होती.

पाणी बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी जेवताना त्याच्या टाळूला चिकटलेल्या जिभेचा आवाज येत होता. ताटात दोन उकडलेली अंडी होती आणि ती त्याला गिळता येत नव्हती. मी तांब्या त्याच्यासमोर ठेवला. नुसता ठेवला. तो म्हणाला, "आई, उचल ना तो." मग मी बोलायला लागले. शरीर म्हणजे काय मशीन आहे का, वगैरे. आयांना जे बोलता येतं तेच. त्याने डोळे मिटून घेतले.

"तू गप ना जरा," तो म्हणाला. "तू बोललीस की तहान लागते."

मी तांब्या उचलला.

वजनाच्या दिवशी सकाळी नवरा त्याच्याबरोबर दादरच्या मैदानावर गेला. तिथे काय झालं ते त्याने मला नंतर, हॉस्पिटलच्या बाकावर बसून, तुकड्या-तुकड्याने सांगितलं. पडदा लावून मागे काटा ठेवला होता. मुलं चड्डीवर रांगेत उभी. माझा मुलगा काट्यावर चढला तेव्हा तो थोडासाच वर भरला, पण वर तो वरच. विद्यापीठाचे जे गृहस्थ वजन घेत होते ते म्हणाले, अजून वेळ आहे, जा, एक चक्कर मारून ये. सगळे हसले. मैदानाला फेऱ्या झाल्या. मग सरांनी कुणाकडून तरी मशीन मागवली आणि संघातल्या मुलांनी तिथेच त्याच्या डोक्याचा चमनगोटा केला. पुन्हा काट्यावर चढला आणि बसला. टाळ्या पडल्या. ते गृहस्थ त्याच्या टकलावर चापट मारून म्हणाले, बसला रे पठ्ठ्या.

हे मी पुन्हा पुन्हा मनात घोळवते. त्या पडद्यामागे विद्यापीठ होतं, कॉलेज होतं, बाप होता. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एक पोरगा फुटलेल्या ओठांनी, खोल गेलेल्या डोळ्यांनी उभा होता, आणि सगळे काट्याकडे बघत होते. त्यांच्यातला कुणी दुष्ट असता तर मला बरं वाटलं असतं. निदान शिव्या कुणाला द्यायच्या ते तरी कळलं असतं.

मॅट भाड्याने आणलेली असल्यामुळे सामने एकापाठोपाठ एक उरकायचे होते. माझ्या मुलाने त्या दिवशी तीन सामने खेळले. पहिल्यानंतर तो घटाघटा पाणी प्यायला आणि ते सगळं उलटून पडलं. दुसऱ्यानंतर मांड्यांत गोळे यायला लागले, तेव्हा सरांनी किटमधून वेदनाशामक गोळी दिली, पायांवर थंड फवारा मारला. संध्याकाळी मी पोचले तेव्हा अंतिम सामना चालू होता. टकल्या डोक्याचा माझा मुलगा मला आधी ओळखूच आला नाही. शेवटच्या चढाईत समोरचा चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावला आणि माझ्या पोराने त्याचा घोटा धरला. दोघे मॅटवर घासत गेले, पण त्याने घोटा सोडला नाही. मी खोटं कशाला सांगू, मीसुद्धा ओरडले. माझ्या आयुष्यात मी इतक्या मोठ्याने कधी ओरडले नसेन.

सगळा संघ त्याच्यावर जाऊन पडला. मग एकेक जण उठला. तो उठला नाही. आधी सगळ्यांना वाटलं, आनंदाने पडून राहिलाय. मी जवळ गेले आणि मांडीला हात लावला तर मांडी पाट्यासारखी कडक. तो दात आवळून रडत होता. मी विचारलं, डॉक्टर कुठे आहेत? एक माणूस फवाऱ्याची बाटली आणि कापूस घेऊन आला. मी पुन्हा विचारलं. तेव्हा संयोजकांपैकी एकाने मला समजावून सांगितलं की डॉक्टर सकाळी उद्घाटनाला आले होते, नारळ फोडून झाल्यावर गेले. रुग्णवाहिका आहे का? बोलावली तर येते ना मॅडम, तो म्हणाला. सर धावत आले, त्यांनी स्वतः त्याचे पाय चोळले, म्हणाले की पेटके आहेत, इलेक्ट्रॉल द्या, सकाळपर्यंत उभा राहील. आम्ही टॅक्सी करून त्याला घरी आणलं. टॅक्सीत त्याच्या मांडीवर करंडक होता.

सकाळी त्याने मला संडासातून हाक मारली. एकवीस वर्षांचा, आईसमोर बनियन काढायला लाजणारा मुलगा. म्हणाला, "आई, हे बघ ना." मी बघितलं. बिनदुधाच्या चहासारखी लघवी होती, आणि तीही थोडीशीच. तोपर्यंत माझ्या मनात राग होता. त्या क्षणी राग गेला आणि नुसती भीती उरली.

परळच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरणीने त्याला तपासलं. तिने सगळं विचारून घेतलं. काय खाल्लं, पाणी कधीपासून बंद, किती खेळला, कुठली गोळी घेतली. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला. मग तिने विचारलं, "हे असं करायला कुणी सांगितलं?"

माझा नवरा आणि माझा मुलगा, दोघांनी एकदमच उत्तर दिलं. "कुणी नाही."

आणि ते खरंच होतं. कुणीही सांगितलं नव्हतं. त्या दोन शब्दांवर पुढे मी किती डोकं आपटलं, पण ते काही फुटले नाहीत.

डॉक्टरणीने आम्हाला समजावलं की अंगात पाणी नसताना स्नायूंवर इतका ताण पडला की ते फुटले, त्यांचा गाळ रक्तात उतरला आणि मूत्रपिंडांत जाऊन अडकला. वरून ती गोळी. आता मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली होती. ती सुरू होतील का, हे आजच सांगता येणार नाही. तोवर डायलिसिस. मानेत नळी घातली. ती घालताना मला बाहेर काढलं, तरी त्याचा आवाज ऐकू येत होता.

आणि त्या दिवसांत त्याला तहान लागायची. लघवी होत नाही तोपर्यंत पाणी मोजून द्यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. औषधाच्या मापाने. पंख्याकडे बघत पडलेला माझा मुलगा म्हणायचा, आई, एक घोट. आणि मी नाही म्हणायचे. ज्याच्यासमोर मी तांब्या ठेवला होता आणि ज्याने तो उचलायला लावला होता, त्याच पोराला आता मी पाणी नाकारत होते. तो रागावला नाही. त्याने मला गप बसायलाही सांगितलं नाही. मी व्हरांड्यात जाऊन पदर तोंडात कोंबून रडायचे आणि डोळे पुसून परत यायचे. नवरा आमच्या बुद्धविहाराच्या मागच्या मैदानात जाऊन बसायचा, जिथे त्याने पोराला कबड्डी शिकवली होती. तो माझ्यासमोर कधी रडला नाही, पण त्या दिवसांपासून तो कबड्डीविषयी एक अक्षर बोललेला नाही.

आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. मुंगी निघाली एकदाची. लघवी सुरू झाली. रोज सकाळी रक्ततपासणीतला क्रिएटिनिनचा आकडा यायचा आणि अख्खा टॉवर माझ्या फोनवर विचारायचा, "आज किती?" तीच माणसं, तोच प्रश्न. आकडा उतरला की टाळ्यांची चित्रं यायची.

पोरगा जरा सावरल्यावर मी कॉलेजात गेले. मला भांडायचं नव्हतं. मला एवढंच विचारायचं होतं की पुढच्या वर्षी हे कोण थांबवणार. प्राचार्यांनी चहा मागवला. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. पण ते म्हणाले की कॉलेजने कुठल्याही विद्यार्थ्याला उपाशी-तहानलेलं राहायला सांगितलेलं नाही. मुलांचा विमा आहे, पण तो अपघाताचा. हात मोडला असता तर मिळाला असता, हा आजार धरला जातो. आणि स्पर्धा विद्यापीठाची, वजन विद्यापीठाने घेतलं, डॉक्टर ठेवणं विद्यापीठाचं काम. मी विद्यापीठात गेले. तिथल्या क्रीडा विभागातले गृहस्थ म्हणाले की विद्यार्थी कॉलेजचा असतो, तो तंदुरुस्त आहे हे बघून कॉलेजने पाठवायचा असतो. आम्ही फक्त वजन घेतो. तुमचं जे काही म्हणणं असेल ते कॉलेजमार्फत पाठवा, आम्ही नक्की विचार करू.

आता मी बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेली बाई आहे. 'तुमची तक्रार पुढे पाठवली आहे' हे वाक्य मी इतक्या गोड आवाजात इतक्यांदा म्हटलंय की समोरचा ते म्हणायला तोंड उघडतो तेव्हाच मला ओळखू येतं. लाइन कुठे तुटलीय हे कुणालाच शोधायचं नसतं. म्हणून मला त्या गृहस्थांचा राग येईना. त्यांच्या टेबलासमोर बसल्या बसल्या मला फक्त फार दमल्यासारखं झालं.

त्यानंतर कॉलेजने विजेत्या संघाचा सत्कार ठेवला. मुलगा तेव्हा घरी आला होता, पण त्याला गर्दीत जायची बंदी होती, म्हणून त्याच्या वतीने मला बोलावलं. नवरा येणार नाही म्हणाला. मी ठरवून गेले. मनात वाक्यं जुळवली होती. वजन घेताना तिथे डॉक्टर का नसतो? अंगात पाणी आहे की नाही हे का बघत नाहीत? एका दिवशी तीन सामने कुणी ठरवले? व्यासपीठावर माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात श्रीफळ दिलं. आमच्याकडे श्रीफळ देवापुढे फुटत नाही, कालवणात जातं, पण मी घेतलं. मग निवेदक मुलगी म्हणाली की आता एका लढवय्या खेळाडूची आई दोन शब्द बोलेल.

मी माइक हातात घेतला. पहिल्या रांगेत सगळा संघ बसला होता, नवे ब्लेझर घालून, माझ्याकडे बघून हसत. त्यांतल्या एकाने फोन उंच धरला होता आणि फोनमध्ये माझा मुलगा होता. अंथरुणात बसून आपला सत्कार बघत होता. किती दिवसांनी त्याचा चेहरा खुलला होता. सर बाजूला उभे होते, हात पाठीमागे बांधून, खाली मान घालून.

"मुलांनो," मी म्हटलं, "पाणी पीत जा."

सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. किती साधी माउली आहे, असं त्यांना वाटलं असणार. प्राचार्यांनीही टाळ्या वाजवल्या. मी नारळ घेऊन खाली उतरले.

डॉक्टरणीचं शेवटचं म्हणणं असं पडलं की मूत्रपिंडं परत आली आहेत, पण पूर्ण नाहीत. किती परत येतील ते वर्षभराने कळेल. तोवर खेळ बंद. वेदनाशामक गोळी आयुष्यात पुन्हा नाही. पोलिसभरतीचं विचारलं तेव्हा ती बाई नुसतीच म्हणाली, बघू. विद्यापीठाच्या संघात त्याची निवड झाली होती. त्याचं नाव फलकावर लागलं, आठवडाभर तिथे राहिलं आणि मग त्याच्या जागी दुसऱ्याचं लागलं.

तो दुसरा एका दुपारी आमच्या घरी आला. कॉलेजात एक वर्ष मागे, लालबागच्या बाजारात बसणाऱ्या कोळणीचा मुलगा. हॉस्पिटलात रक्त द्यायला सगळ्यात आधी आलेला हाच. दार उघडलं आणि त्याचे ओठ बघूनच मला कळलं. पांढरे पडलेले, कोपऱ्यांत चिरलेले. तो आत जाऊन माझ्या मुलाच्या पलंगावर टेकला. म्हणाला, "दादा, दोन किलो वर आहे. सर बोलले, तुला विचार. तुला जमतं बोलले."

मला वाटलं, माझा मुलगा त्याला हाकलून देईल. नाहीतर निदान गळ्यावरचा तो नळीचा वण दाखवेल. तो उशीला टेकून सरळ बसला. बोलायला लागला तेव्हा त्याच्या आवाजात पूर्वीची धार होती. मीठ कधी सोडायचं, जिना कधी चढायचा, झोपायच्या आधी काय करायचं. "पाणी एकदम नको बंद करू," तो म्हणाला. "मी तिथे चुकलो. थोडं थोडं कमी कर. आणि सरांनी गोळी दिली तर घे, पण खाऊ नको." तो इतक्या मनापासून, इतक्या काळजीने सांगत होता की मला त्याचं तोंड दाबावंसं वाटलं आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटलं. स्वतःची चूक त्याला सापडली होती. कॉलेजला आणि विद्यापीठाला न सापडलेली ती चूक त्याने एकट्याने स्वतःकडे घेतली होती.

त्या मुलाच्या आईला फोन करावा असं माझ्या मनात आलं. पण काय सांगणार होते मी तिला? मला माहीत नव्हतं का? मी तांब्या समोर ठेवला नव्हता का? आणि तिने सरांना फोन केलाच तर सर तिलाही आदराने सांगणार होते की ताई, मी कुणाला पाणी सोडायला सांगत नाही.

मी पाणी घेऊन आत गेले. भरलेला ग्लास त्या पोराच्या हातात दिला आणि म्हटलं, "आधी हे पी. माझ्यासमोर पी." पोराने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मुलाकडे. कुणाच्या घरी गेल्यावर पुढे आलेलं पाणी नाकारू नये, एवढं त्याच्या आईने त्याला शिकवलेलं होतं. त्याने ग्लास तोंडाला लावला. घोट घेतला आणि गालात धरून ठेवला. मग उठून बेसिनपाशी गेला, चूळ टाकली, बाहीने ओठ टिपले आणि जवळजवळ भरलेला ग्लास माझ्या हातात परत दिला.

"वजन परवा आहे, काकी," तो म्हणाला.

माझा मुलगा पलंगावर जरा सरकला आणि त्याने त्याला पुन्हा बसायला जागा करून दिली.